भिंतीवरची बुरशी दर पावसाळ्यात परत येते? रंगाऱ्याच्या आधी तपासणारा नीट निवडा

ठाण्यात चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. बेडरूमची एक भिंत पश्चिमेला, म्हणजे पावसाच्या थेट माऱ्यात. २०१९ पासून दर पावसाळ्यात तिच्या खालच्या कोपऱ्यात आधी रंग फुगायचा, मग पोपडे सुटायचे आणि ऑगस्टपर्यंत काळपट हिरवे ठिपके उमटायचे. दिवाळीच्या तोंडावर रंगारी यायचा, खरवडायचा, पुट्टी भरायचा, रंगाचे दोन हात द्यायचा. जानेवारीत भिंत अगदी नवी दिसायची. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच.

त्याच खोलीत, आतल्या भिंतीला टेकून असलेल्या लाकडी कपाटामागे दुसरीच बुरशी धरायची. ही पांढरी, पीठ भुरभुरल्यासारखी. कपाट उघडलं की कुबट वास यायचा. आईने दिलेल्या दोन रेशमी साड्यांवर डाग पडले त्या दिवशी मला रडू आलं होतं.

कारण सापडायला २०२३ उजाडलं. तोवर तीन प्रकारची माणसं भिंत बघून गेली होती आणि तिघांनी तीन वेगळी कारणं सांगितली होती. मधल्या काळात पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे मुलाची सर्दी आणि रात्रीचा खोकला हटेना. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांनी निदान चुकीच्या माणसापासून सुरुवात करू नये.

आमचं नेमकं कुठे चुकत होतं

आम्ही भिंत ज्याला दाखवत होतो, तोच पुढे काहीतरी विकणारा होता. रंगाऱ्याला विचारलं तर तो रंगाचं सांगणार, वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारलं तर तो केमिकलचं सांगणार. ते खोटंच बोलतात असं मी म्हणत नाही. आमचा रंगारी मनापासून काम करायचा. पण पाणी कुठून येतंय हे शोधणं त्याचं कामच नव्हतं, आणि आम्ही त्याला ते विचारलंही नव्हतं. आम्ही विचारायचो, "हे बंद कसं होईल?" विचारायला हवं होतं, "हे पाणी येतंय कुठून?"

कारण बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे बियांसारखे सूक्ष्म कण, बाहेरच्या हवेबरोबर प्रत्येक घरात येतच असतात. ते कुणालाच अडवता येत नाहीत. त्यांना अन्न लागतं, ते धूळ, कागद, लाकूड आणि रंग यांतून मिळतं. ओल मात्र लागतेच, आणि आपल्या हातात फक्त तेवढीच असते. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत कोरडी झाली तर सहसा बुरशी धरत नाही. तशीच ओली राहिली तर धरते. म्हणून बुरशी तपासायला येणारा माणूस खरं म्हणजे पाण्याचा माग काढायला आलेला असतो. ज्याला हे कळतं तो भिंतीकडे बघण्याआधी तुमच्याकडे बघून प्रश्न विचारायला लागतो.

पाण्याच्या चार वाटा

हे थोडं तुम्हालाही माहीत असलेलं बरं, म्हणजे समोरचा काय बोलतोय ते पारखता येतं.

पहिली वाट पावसाची. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैऋत्येकडून असतो. बाहेरच्या गिलाव्यातली भेग, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, बीम आणि विटांच्या जोडावरची चीर यांतून पाणी आत शिरतं. अशी ओल पावसाच्या जोराबरोबर वाढते आणि आठवडाभर उघडीप मिळाली की थोडी हटते.

दुसरी वाट नळाची आणि नहाणीघराची. ती पावसाचं वेळापत्रक पाळत नाही. एप्रिलमध्येही डाग ओलाच असेल तर बाथरूम, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी निघून जायची जाळी आणि तिच्याखालचं भांडं), भिंतीतला पाईप किंवा वरच्या घराकडे बघायला हवं.

तिसरी वाट जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याची. तळमजल्याची घरं, कोकण-गोव्यातली जांभ्याची जुनी घरं यांना हा त्रास असतो. जमिनीपासून काही फुटांपर्यंत सरळ आडवा पट्टा दिसतो आणि भिंतीला लोणा धरतो, म्हणजे पांढरे क्षार वर येतात. तिसऱ्या मजल्यावर कुणी हे कारण सांगू लागला तर त्याला नमस्कार करून निरोप द्यावा.

चौथी वाट हवेतल्या बाष्पाची, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होतं. पावसाळ्यात खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असणं नेहमीचंच. अशा हवेतलं बाष्प २६ अंशांच्या आसपास गार असलेल्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसाच भिंतीला घाम येतो. शेजारच्या खोलीत एसी २० वर चालू असेल आणि मधली भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची असेल, तर अलीकडची बाजूही गार पडते. त्यात कपाट भिंतीला चिकटून असेल तर खोलीची ऊब तिथपर्यंत पोचत नाही, हवाही खेळत नाही, आणि तेवढाच भाग बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त गार आणि जास्त ओला राहतो. बुरशी धरायला थेंब दिसायची गरजही नसते, तिथली हवा सतत दमट असली तरी पुरतं. इथे बाहेरून हजारोंचं केमिकल मारलं तरी काडीचा उपयोग होत नाही, कारण गळती नसतेच.

घाबरवणारा माणूस

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसच्या बातम्या रोज येत होत्या. त्याला सगळेच "काळी बुरशी" म्हणत होते. अशा वेळी एक जण "हवेची तपासणी" करायला आमच्याकडे आला. त्याने एका छोट्या पंपाने खोलीतली हवा खेचून नमुना घेतला, आठवड्याने लाल रंगात आकडे छापलेला अहवाल दिला आणि म्हणाला, "मॅडम, ही काळी बुरशीच आहे. घरात लहान मूल आहे, रिस्क घेऊ नका." सोबत पूर्ण घर निर्जंतुक करण्याचं कोटेशन जोडलेलं होतं. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

आज ते आठवलं की राग येतो. त्या आजाराला काळी बुरशी हे नाव रुग्णाच्या मृत झालेल्या, काळ्या पडलेल्या पेशींवरून पडलं. भिंतीवरचा काळा ठिपका म्हणजे तो आजार नव्हे. भिंतीवर वाढणाऱ्या बऱ्याच साध्या बुरशीही काळ्या दिसतात आणि रंग बघून कुठली बुरशी आहे हे कुणालाही सांगता येत नाही.

आकड्यांचंही तसंच. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने तपासण्याची गरजच नसते. घरातल्या हवेत अमुक इतके बीजाणू असले तर धोका, अशी सरकारी मर्यादाही तिथे ठरवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही सुरक्षित बीजाणूंचा आकडा दिलेला नाही, ओल होऊ देऊ नका आणि झाली तर दूर करा, यावर भर आहे. मग आमच्या अहवालातला लाल आकडा कशाशी ताडून लाल ठरला होता? मी त्याला फोन करून विचारलं. उत्तर मिळालं नाही.

ज्या बशीत बुरशी वाढवून दाखवतात ती तपासणीही घरी करून फसू नका. बशी उघडी ठेवली की कुठल्याही घरात त्यात काहीतरी वाढणारच. नमुना घ्यायला खरं कारण असतं ते अशा वेळी: डॉक्टरांनी मागितला असेल, भांडण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात गेलं असेल, किंवा वास येतोय पण जागा अजिबात सापडत नसेल.

दमा, ॲलर्जी असलेल्या माणसाला ओलसर घराचा त्रास होतो यात शंका नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झाली आहे त्यांनी तर अशा खोलीत झोपूच नये. पण त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. भिंत तपासणाऱ्याने मुलाच्या छातीबद्दल निदान करायला सुरुवात केली तर तिथेच थांबवावं.

फुकट तपासणी

२०२२ मध्ये "मोफत तपासणी" देणारे आले. अदबशीर बोलणारा तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात थर्मल कॅमेरा. पडद्यावर आमच्या भिंतीचा कोपरा निळा दिसला आणि तो म्हणाला, "हे सगळं पाणी आहे बघा ताई." मग दोन टोकांचा मॉइश्चर मीटर पोपड्यांवर टेकवला, तो जोरात वाजला. वीस मिनिटांत कोटेशन तयार: भिंतीत इंजेक्शन ग्राउटिंग (भोकं पाडून आत भेगा भरणारं द्रव सोडणं), आतून कोटिंग, ९२ हजार रुपये, १० वर्षांची गॅरंटी.

तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं ते आता सांगते. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, त्याला तापमान दिसतं. ओली भिंत सुकताना गार पडते म्हणून निळी दिसते हे खरं, पण पलीकडे एसी चालू असेल तर पूर्ण कोरडी भिंतही निळीच दिसते. दोन टोकांचा मीटर विजेचा विरोध मोजतो. भिंतीला क्षार धरले असतील तर तो आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवतो. शिवाय असे पुष्कळ मीटर लाकडासाठी बनवलेले असतात, त्यामुळे प्लास्टरवरचा "४० टक्के" हा आकडा तसाच खरा धरायचा नसतो. तो फक्त तुलनेसाठी. त्याच मीटरने त्याच भिंतीचा कोरडा भाग मोजायचा, मग ओला, मग महिन्याने पुन्हा दोन्ही. जो माणूस एकाच जागी एकदाच मीटर टेकवतो तो तुम्हाला आवाज ऐकवत असतो, मोजत नसतो.

आणि गॅरंटी. आम्हाला दिलेल्या कागदावर बारीक अक्षरात होतं की गॅरंटी फक्त "उपचार केलेल्या भागाला" लागू. म्हणजे ओल एक फूट बाजूला सरकली की कागद रद्दी. सुदैवाने माझ्या सासूबाईंनी तो कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि आम्ही सही केली नाही.

फुकट तपासणी करणारा माणूस पगार कुठून घेतो हा साधा प्रश्न आहे. काम मिळालं तरच त्याची फेरी वसूल होते. "तुमच्याकडे काही करायची गरज नाही, कपाट जरा पुढे ओढा" हे वाक्य त्याला परवडत नाही.

माझी मावसबहीण न्यूयॉर्क राज्यात राहते. तिथे २०१६ पासून कायदाच आहे की बुरशी तपासणारा आणि ती काढणारा या दोघांकडे वेगवेगळे परवाने हवेत आणि एकाच कामावर दोन्ही भूमिका एकाच माणसाला करता येत नाहीत. टेक्सास आणि फ्लोरिडातही परवाने लागतात. आपल्याकडे बुरशी तपासणाऱ्यासाठी असा वेगळा परवाना नाही. त्यामुळे ती रेषा आपल्यालाच आखावी लागते: बघणाऱ्याला बघण्याचे पैसे द्यायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हाच एक नियम असा आहे की जो कधीही मोडू नये.

मग शोधायचं कुणाला

"बुरशी तज्ज्ञ" शोधू नका. स्वतंत्र काम करणारा सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधा, ज्याने गळतीची कामं पाहिली आहेत आणि जो कुठल्याही केमिकल कंपनीचा विक्रेता नाही. महापालिकांकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर असतात. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना त्यांच्याकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचं असतं. म्हणजे तुमच्या आसपासच्या एखाद्या सोसायटीत असा माणूस नक्की येऊन गेलेला असतो. तिथल्या सेक्रेटरींना गाठा. आम्हाला आमचे इंजिनिअर असेच मिळाले, दोन गल्ल्या सोडून असलेल्या सोसायटीतून.

"माणूस कसा आहे?" असं विचारलं की सगळे "चांगला आहे" म्हणतात. त्याऐवजी त्याने लिहिलेला अहवाल बघायला मागा. आम्हाला मिळालेल्या अहवालात फोटो होते, कुठल्या तारखेला किती वाजता कुठे मोजलं ते होतं, आणि एका ठिकाणी स्पष्ट लिहिलं होतं: "या डागाचं कारण या भेटीत निश्चित झालं नाही, पाऊस चालू असताना पुन्हा पाहणे आवश्यक." हे वाक्य वाचूनच मी फोन लावला.

फोनवर मी काय काय विचारलं ते सांगते. फी किती आणि त्यात किती फेऱ्या? अहवाल लेखी मिळेल ना? दुरुस्तीचं काम तुम्ही किंवा तुमची माणसं घेता का? कुठल्या कंपनीचा माल सुचवता? पावसात याल का? त्यांनी फी ३,५०० सांगितली, दोन फेऱ्या धरून. काम घेत नाही म्हणाले. मालाबद्दल म्हणाले, "अहवालात मी कंपनीचं नाव लिहीत नाही, काय दर्जाचा माल हवा ते लिहितो." शेवटचा प्रश्न ऐकून त्यांनीच मला विचारलं, "मे महिन्यात का नाही बोलावलंत, याचं कारण तुम्हाला कळलंय वाटतं." उन्हाळ्यात कोरड्या भिंतीसमोर उभं राहून गळती शोधणं म्हणजे निव्वळ अंदाज. तपासणी पावसात, दुरुस्ती पाऊस संपून भिंत सुकल्यावर.

त्यांना बोलावण्याआधी घरी करायची तयारी

चांगल्या माणसालाही तासाभरात चार वर्षांचा इतिहास कळत नाही. तो तुम्ही लिहून ठेवायचा. मी जूनपासून एका वहीत तारीख, पाऊस जोराचा की रिपरिप, डाग कुठवर आला, एसी किती तास चालला, एवढंच लिहीत गेले. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख टाकायची. महिन्याभरात भिंतीवर नकाशा तयार होतो. आर्द्रता दाखवणारं छोटं हायग्रोमीटर फार महाग नसतं, ते खोलीत ठेवायचं. ६० टक्क्यांच्या खाली राहिलं तर उत्तम, पण आपल्या पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून ते जमत नाही हेही लक्षात येतं.

दुसरी गोष्ट ॲल्युमिनियम फॉइलची. पोळ्या गुंडाळतो तीच. भिंत वरवर पुसून कोरडी करायची, हातभर लांब-रुंद तुकडा चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते हवेतलं बाष्प. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर फॉइल भिंतीकडून ओलं झालं आणि कपाटामागे खोलीकडून. एकाच खोलीत दोन वेगळी दुखणी आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, तेही पाच रुपयांच्या फॉइलमुळे.

तपासणीच्या आठवड्यात भिंत खरवडू नका, फिनाइल किंवा ब्लीच मारू नका. पुरावा पुसला जातो.

ते आले तेव्हा

पहिला पाऊण तास त्यांनी पिशवीतून काहीच काढलं नाही. वही वाचली. मग विचारलं, "२०१९ च्या आधी कधी ओल आली होती?" नव्हती आली. "मग २०१९ साली घरात काय बदललं?"

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे बघितलं. एप्रिल २०१९ मध्ये मुलाच्या खोलीत एसी बसवला होता. मुलाची खोली म्हणजे कपाटामागच्या भिंतीच्या पलीकडची. आणि त्याचं बाहेरचं युनिट बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेरून, लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेलं. चार वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि आम्हालाही सुचला नव्हता.

तरीही त्यांनी लगेच निकाल दिला नाही. कोपऱ्याला लागूनच आमचं बाथरूम असल्यामुळे त्यांचा पहिला संशय तिथल्या फरशीच्या सांध्यांवर होता. ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी २४ तास भरून ठेवायला सांगितलं. आधी आणि नंतर त्याच पाच ठिकाणी मीटर लावला. आकडे हलले नाहीत. दुसऱ्या फेरीत ते आले आणि म्हणाले, "माझा अंदाज चुकला, बाथरूम निर्दोष आहे." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला त्या क्षणापासून त्यांच्यावर पूर्ण भरवसा वाटला.

मग सप्टेंबरच्या उघडिपीत बाहेरच्या भिंतीवर खिडकीतून पाइपने पाणी मारलं. खालून वर, टप्प्याटप्प्याने. आधी वरून मारलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. ब्रॅकेटच्या खाली अर्धा तास पाणी मारलं, आत काही नाही. ब्रॅकेटच्या बोल्टांवर आणि तांब्याच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाजवळ मारायला सुरुवात केली, आणि तासाभरात कोपऱ्यातला आकडा चढायला लागला. बोल्टांभोवती गिलावा तडकला होता. भोकाचा उतार आतल्या बाजूला होता. एसी बसवणाऱ्याने भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला हवं होतं. ते उलटं पडल्यामुळे पावसाचं पाणी चार वर्षं सरळ आमच्या भिंतीत येत होतं.

अहवाल दोन पानांचा. त्यात बुरशीचं नावसुद्धा नव्हतं.

दुरुस्ती आणि खर्चाचा प्रश्न

दुरुस्ती डिसेंबरमध्ये वेगळ्या कंत्राटदाराने केली. परांची बांधून, कामगारांना सेफ्टी बेल्ट लावून. युनिट हलवलं, जुनी भोकं पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरली, पाइपचं भोक बाहेर उतार देऊन नव्याने पाडून सील केलं. आतलं ओलं प्लास्टर फोडून विटा फेब्रुवारीपर्यंत उघड्या ठेवल्या. हे दोन महिने घरातल्या सगळ्यांना नकोसे झाले, पण ओल्या भिंतीवर प्लास्टर केलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मीटरचा आकडा कोरड्या भिंतीइतका उतरल्यावरच गिलावा झाला. सगळं मिळून खर्च १४ हजारांच्या आसपास.

ब्रॅकेट आमचं, म्हणून खर्च आमचा. पण तुमच्या बाबतीत बाहेरच्या भिंतीची भेग, गच्ची किंवा सामायिक पाइप कारण निघालं तर आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीने करायची असते. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा. त्यामुळे लेखी अहवाल हाती असेल तर सोसायटीशी आवाज चढवून बोलावं लागत नाही, अर्जाला जोडून द्यायचा आणि पोच घ्यायची. ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील तर स्वतः काही फोडाफोडी करण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेला बांधकामाचा दोष त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तपासणारा किंवा कंत्राटदार पैसे घेऊन फिरकला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

भिंतीच्या पृष्ठभागावर राहिलेली बुरशी आम्हीच साफ केली. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा भाग घरी साफ करायला हरकत नसते. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी. आधी साबणाच्या पाण्याने ओलं करायचं, मग घासायचं, कारण कोरडं खरवडलं की बीजाणू घरभर उडतात. मुलांना आणि दम्याच्या माणसाला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. आणि एक कळकळीची विनंती: ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

कपाटामागच्या भागाला कुठलंच बांधकाम लागलं नाही. मुलाच्या खोलीतला एसी आता २५-२६ च्या खाली उतरवत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आहे. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा त्याची दारं उघडून पंखा लावते. २०२४ आणि २०२५ असे दोन पावसाळे गेले. पश्चिमेची भिंत कोरडी आहे. कपाटामागे गेल्या ऑगस्टमध्ये तळहाताएवढा पांढरा डाग दिसला होता. त्या आठवड्यात पाहुणे आले होते आणि एसी तीन रात्री १८ वर चालला होता, असं वहीत लिहिलेलं सापडलं.